वाचकांचे प्रश्न: विकास, पाणी आणि जिल्ह्याची शांतता

मागील अंकात आर्थिक विकास आणि प्रादेशिक सुरक्षितता यांच्या संबंधावर जे लिहिले होते, त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. उत्पन्न, रोजगार आणि मूलभूत सोयी वाढल्या की प्रदेश सहसा शांत होतो. मात्र ही वाढ कोणाच्या वाट्याला येते आणि तिचा हिशेब लोकांना पटतो की नाही, यावर ती शांतता किती टिकेल हे ठरते, असा त्या लेखाचा आशय होता. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: २०२२ साली आमच्या तालुक्यातील काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा राज्यभर आम्हाला नावे ठेवली गेली. पाण्यासाठी असे बोलणे हा द्रोह आहे काय? आणि पाणी आले की हा प्रश्न कायमचा मिटेल काय?
— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जत

उत्तर: बाई, द्रोह हा शब्द येथे मुळीच लागू पडत नाही. पाण्याच्या मागणीसाठी जतच्या सीमेवरील ग्रामपंचायतींनी केलेले ठराव २०१२ सालचे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्यांचा आधार घेऊन जतमधील चाळीस गावांविषयी दाव्याची भाषा केली, आणि मगच हा विषय मुंबईत गांभीर्याने घेतला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर उपसा सिंचन योजनेचे पाणी जतच्या हद्दीतील तलावात उतरले, आणि इकडे विस्तारित म्हैसाळ योजनेला गती मिळाली. जे मागणे दहा वर्षे अर्जविनंत्यांतून पुढे सरकले नाही ते राज्य सोडण्याच्या भाषेने काही आठवड्यांत सरकले, हा अनुभव शासनासाठी अधिक चिंतेचा आहे. कारण शांतपणे मागितले तर मिळत नाही आणि धमकी दिली तर मिळते, हे एकदा लोकांच्या मनात ठसले की पुढची प्रत्येक मागणी त्याच वाटेने जाते.

भाषेचा मुद्दा या प्रकरणात उगाच मोठा केला गेला. जतच्या पूर्व भागात कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा घरोघर बोलल्या जातात, विजापूर आणि अथणीकडे सोयरिकी आहेत, बाजारहाट दोन्हीकडे चालतो, आणि हे सारे पिढ्यानपिढ्या सुरळीत चालत आलेले आहे. सीमेपलीकडच्या सोयऱ्याच्या शेतात कालव्याचे पाणी खेळताना दिसते आणि आपल्या दारात टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा माणूस भाषेचा विचार करत नाही. टंचाई सगळीकडेच असली तर लोक ती सोसतात. पण ती आपल्याच वाट्याला का, असा प्रश्न पडला की मन उठते.

पाण्याचा आणि सुव्यवस्थेचा संबंध किती थेट असतो, हे आपल्या शेजारीच दिसले आहे. मार्च २०१६ मध्ये लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ खाली जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेच्या वाघिणींतून सुमारे ३४० किलोमीटर दूर लातूरला पोहोचवण्यात आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते, पुढच्या गाड्यांतून पंचवीस लाख लिटरपर्यंत जाऊ लागले. ते पाठवणे योग्यच होते. पण त्याच उन्हाळ्यात सांगली जिल्ह्याच्याच पूर्व टोकाला टँकरपुढे पिंपांच्या रांगा होत्या, आणि ज्यांनी त्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की टँकरची पाइप प्रथम कोणाच्या पिंपात पडली यावरून भावकीत वर्षानुवर्षे बोलणे बंद होते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. पाणी पोहोचल्याने एक वाद मिटतो आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, त्याची तयारी आधीपासून करावी लागते. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजना आहेत. येथे पाणी उताराने येत नाही, ते पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते आणि त्याचे वीजबिल प्रचंड येते. बिल थकले की पंप बंद, पंप बंद की उभी पिके करपतात, असे या भागाने अनेकदा पाहिले आहे. वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के भार लाभधारकांनी उचलायचा, या सूत्राने बराच दिलासा दिला. पण कालव्याच्या मुखाशी असलेल्या गावांनी ऊस लावला आणि आवर्तनाचे, म्हणजे पाळीचे, पाणी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, गावांपर्यंत पोहोचलेच नाही, तर जी नाराजी पूर्वी मुंबईवर होती ती वरच्या अंगाच्या शेजाऱ्यावर येते, आणि शेजाऱ्यावरची नाराजी अधिक घातक असते. म्हणून आधी टेलला पाणी आणि मग क्रमाने वर, हा नियम कागदावर न ठेवता पाळणे, आणि २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था खरोखर चालवणे, हे आपल्या तालुक्याच्या शांततेसाठी नव्या पोलीस ठाण्याइतकेच आवश्यक आहे, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न: आमचा कृष्णाकाठ राज्यातील सधन पट्ट्यांत मोजला जातो. तरीही ऊसदरासाठी रास्ता रोको, वाहनांची हवा सोडणे, टायर पेटवणे हे हंगामागून हंगाम चालते. विकासाने स्थैर्य येते हा सिद्धान्त मग चुकीचा मानावा काय?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, वाळवा तालुका

उत्तर: सिद्धान्त चुकीचा नाही, पण तो जसा शिकवला जातो तसा अपुरा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऊसदराच्या आंदोलनात पलूस तालुक्यातील वसगडे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. हे गाव दुष्काळी माणदेशातले नाही, बागायती पट्ट्यातले आहे. दारिद्र्य हेच अशांततेचे एकमेव कारण असते तर ही घटना तेथे घडली नसती.

उसाच्या व्यवहाराची रचना पाहिली म्हणजे कारण समजते. तोडलेला ऊस शेतकरी घरी साठवून ठेवू शकत नाही. तोडल्यापासून काही तासांतच वजन आणि साखर दोन्ही घटू लागतात. घेणारा बहुधा एकच. वजन त्याच्या काट्यावर, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, त्याच्या प्रयोगशाळेत, आणि रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, त्या उताऱ्याशी बांधलेला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वार्षिक पंधरा टक्के व्याज द्यायचे, हे बंधन आहे. ते किती वेळा पाळले जाते याची चर्चा आपल्या गावच्या कट्ट्यावर रोज होते. शेतकऱ्याचा राग दराच्या आकड्यावर असतो, त्याहून अधिक तो आकडा ठरवण्याच्या पद्धतीवर असतो. काट्यावर विश्वास बसला तर अर्धी आंदोलने होणार नाहीत, आणि म्हणून डिजिटल वजनकाट्यांची त्रयस्थ तपासणी ही आमच्या दृष्टीने कायदा-सुव्यवस्थेची बाब आहे. त्याच फडात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आलेल्या ऊसतोड कामगाराचा हिशेब तर टोळीच्या मुकादमाच्या वहीत असतो आणि त्याला रस्ता अडवण्याचीही सोय नसते, हे आपल्या निबंधात अवश्य यावे.

इतिहासाकडे पाहा. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, युद्धकाळात चढलेले कापसाचे भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला, सारा मात्र वाढला. आणि १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जाची खतपत्रे जाळली. शिपाई पाठवून तो उठाव दडपता आला, तरी मूळ कारण कर्जाच्या व्यवहारात आहे हे सरकारला मान्य करावे लागले आणि १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर यांच्याबरोबर तो सातारा जिल्ह्यालाही लागू होता, आणि त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग होता.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर चालवलेल्या सरकारने, याच गावांत न्यायनिवाडे केले, सावकारांना आणि गावगुंडांना धाक बसवला. वसंतदादा पाटील यांनी जुलै १९४३ मध्ये साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला. स्वातंत्र्यानंतर याच वसंतदादांनी सांगलीत सहकारी साखर कारखाना उभारला. बंदूक हाती घेतलेल्या पिढीला पतपुरवठा सोसायटी, कारखाना, शिक्षणसंस्था यांत काम मिळाले आणि सामान्य सभासदाला मत मिळाले, म्हणून हा बंडखोर प्रदेश इतकी वर्षे स्थिर राहिला असे आम्हाला वाटते. ते स्थैर्य केवळ पैशाने आले नव्हते. भांडण्यासाठी एक सनदशीर जागा मिळाली, यातून ते आले होते. आज वार्षिक सर्वसाधारण सभा ‘मंजूर, मंजूर’च्या घोषात काही मिनिटांत गुंडाळली जाते, निवडणूक बिनविरोध करून टाकली जाते, तेव्हा जो वाद सभागृहात व्हायचा तो महामार्गावर होतो.

बाहेरचे एक उदाहरण द्यायचे तर बांगलादेशचे द्यावे, कारण ते आपल्याला विशेष जवळचे वाटेल. तयार कपड्यांच्या निर्यातीवर त्या देशाने अनेक वर्षे चांगला विकासदर राखला होता. पण शिकलेल्या तरुणांना सरकारी नोकरीची वाट बंद झाल्याचे दिसले, स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांसाठीचे तीस टक्के आरक्षण न्यायालयाच्या निकालाने पुन्हा लागू झाले, आणि त्यातून पेटलेल्या आंदोलनाने ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना देश सोडावा लागला. आपण ज्या अभ्यासिकेत बसता तेथील मुलांना, जाहिरात निघण्यापासून नेमणूक मिळेपर्यंत वर्षे जातात तेव्हा काय वाटते, हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार?

प्रश्न: आम्ही आयुष्य सीमेवर काढले. रस्ते, शाळा, दवाखाने बांधल्याने सीमा सुरक्षित होते असे म्हणणे म्हणजे सैन्याचे महत्त्व कमी करणे नव्हे काय?
— एक निवृत्त सुभेदार, अपशिंगे (मिलिटरी), ता. सातारा

उत्तर: सुभेदारसाहेब, पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जवान कामी आले, त्या गावातून आलेला हा प्रश्न आम्ही आदरपूर्वक घेतो. सैन्याला पर्याय नाही. मात्र सैन्याला पाठीशी वस्ती लागते, हे आपण प्रत्यक्ष पाहिले असेल. मे १९९९ मध्ये कारगिल भागातील बटालिकच्या डोंगरात घुसखोर दिसल्याची पहिली खबर लष्कराला एका मेंढपाळाने दिली होती. सीमेवरची गावे रोजगाराअभावी ओस पडली तर ती नजरच नाहीशी होते. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने उत्तरेकडील सीमेवरील १९ जिल्ह्यांतील गावांसाठी ४८०० कोटी रुपयांची ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजना मंजूर केली आणि त्यातील २५०० कोटी रुपये केवळ रस्त्यांसाठी ठेवले.

मात्र बांधकाम म्हणजे विकास नव्हे. बलुचिस्तानात सुई येथे १९५२ साली नैसर्गिक वायू सापडला. तो पाकिस्तानच्या इतर भागांतील चुली आणि कारखाने चालवू लागला, आणि खुद्द बलुचिस्तानातील बहुतेक गावे लाकूडफाट्यावरच राहिली. पुढे ग्वादरला बंदर उभे राहिले, तरी २०२१ मध्ये तेथील कोळ्यांना पिण्याचे पाणी आणि मासेमारीचा हक्क यांसाठी रस्त्यावर उतरावे लागले. तेथील बंदोबस्त वाढतच गेला, अशांतता कमी झाली नाही.

आपल्या जिल्ह्यात अशी हिंसा नाही, हे आपले भाग्य आणि आपल्या लोकांचा संयमही आहे. कोयनेच्या १९६० मेगावॅट विजेने महाराष्ट्राचे उद्योग उभे राहिले. पण ज्यांची शेते कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली त्यांच्या नातवंडांना आजही जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या द्यावा लागतो. त्यांच्या शांतपणाचा अर्थ त्यांचे भागले असा कोणी घेऊ नये.

आपल्या पत्रात नसलेली एक गोष्ट आम्ही आपणहून मांडतो. सातारा जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांत फौजीची पेन्शन हा दुष्काळातला सर्वांत भरवशाचा पैसा राहिला आहे. त्यावर विहिरी खोदल्या गेल्या, मुली शिकल्या. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर चौथा हिस्साच जवान कायम होणार आहेत. लष्करी दृष्टीने या योजनेचे गुणदोष आपण अधिक जाणता. पण उरलेल्या तीन हिश्श्यांतील प्रशिक्षित तरुण ऐन पंचविशीत गावी परततील, तेव्हा त्यांच्यासाठी जिल्ह्यात कोणते काम असेल, याचा आराखडा आतापासून हवा.

प्रश्न: खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभर विखुरले आहेत. तरुण बाहेर गेल्यामुळे गावे शांत आहेत, हे विकासाचे लक्षण समजावे काय?
— एक वाचक, विटा

उत्तर: नाही. माणसेच नसल्यामुळे आलेली शांतता ही स्थैर्याची खूण नव्हे. सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्याने आपल्या भागात पक्की घरे, मंदिरे आणि शाळा उभ्या केल्या, हे खरे आहे आणि त्याचा अभिमान वाटावा. पण त्या कुटुंबांची सुरक्षितता आता दूरदूरच्या शहरांतील परिस्थितीवर अवलंबून आहे. तेथे दंगल झाली किंवा दरोडा पडला की विट्यातल्या घरात चूल पेटत नाही. टेंभूच्या पाण्यावर डाळिंबाची बाग उभी करून काही तरुण परत येत आहेत. जाणे हा ज्याच्यापुढे निवडीचा प्रश्न आहे आणि ज्याच्यापुढे नाइलाजाचा आहे, त्या दोघांत फरक करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रश्न: उद्योग यायचे तर आधी सुव्यवस्था हवी, आणि आपण म्हणता विकासाने सुव्यवस्था येते. मग आधी काय?
— हळदीचे एक व्यापारी, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर: दोन्ही एकाच वेळी लागतात, हे उत्तर खरे असले तरी आपल्याला उपयोगाचे नाही, म्हणून आपल्याच बाजारपेठेकडे पाहू. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरून मिरजेत दंगल उसळली आणि सांगली, मिरज, इचलकरंजीत संचारबंदी लागली. अशा दिवसांत सौदे बंद राहतात. व्यापाऱ्याचा माल गोदामात सुरक्षित असतो, पण हमाल आणि तोलाईदार यांची त्या दिवसाची मजुरी बुडते ती कायमची. उत्तर कर्नाटकातून मिरजेच्या दवाखान्यांत येणारा रुग्ण दुसऱ्या शहराची वाट धरतो, आणि त्याच्या मागोमाग लॉज, खानावळ, औषधाचे दुकान, रिक्षावाला या सगळ्यांचे गिऱ्हाईक जाते.

येथे हेही मान्य केले पाहिजे की या प्रकारच्या हिंसेवर आर्थिक विकास हा थेट उतारा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील मजकुरावरून जमाव चाल करून गेला, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद करावे लागले. तेथे कारण दुष्काळ नव्हते, दर नव्हता. अशा प्रसंगी पहिल्या तासात पोलीस कोठे होते आणि पुढे दोषींवर खटला उभा राहिला की नाही, यालाच महत्त्व असते. त्याची जागा कोणताही कारखाना घेऊ शकत नाही.

तथापि, ज्या व्यवहारात दोन्ही समाजांचे लोक एकमेकांवर अवलंबून असतात तेथे अफवा सहजासहजी पचत नाही. मिरजेत तंतुवाद्ये घडवणारी मुसलमान घराणी आणि ती वाद्ये देशभर वाजवणारे हिंदू-मुसलमान कलावंत यांचे नाते दीड शतकाहून जुने आहे, आणि त्यात एकाचा धंदा बुडाला तर दुसऱ्याचे गाणे अडते. आपल्या यार्डातही अडत्या, खरेदीदार, हमाल, टेम्पोवाला हे वेगवेगळ्या समाजांचे आहेत आणि दिवसभर एकमेकांशी बोलतात. हे बोलणे सणाच्या तोंडावर एकदा भरणाऱ्या शांतता समितीच्या बैठकीपुरते उपयोगात आणले जाते, आणि त्या बैठकीलाही बहुधा तेच ते पुढारी असतात. आपल्या संघटनेने पोलीस अधीक्षकांकडे अशी मागणी करावी की ही समिती वर्षभर दरमहा बसावी, तीत हमाल पंचायतीचे आणि रिक्षा संघटनेचे प्रतिनिधी असावेत, आणि संचारबंदी लागल्यास रोजंदारीवरच्या माणसाची बुडालेली मजुरी भरून देण्यासाठी बाजार समितीने एक निधी बाजूला काढून ठेवावा. त्याचा पहिला हप्ता व्यापाऱ्यांनी स्वतः घालावा.